शक्यता कमी

दहिवलीत अपेक्षाला लोक लढायांची डॉक्टर म्हणत. आखातातल्या संघर्षांवर सात वर्षं घासून तिनं पीएचडी केली होती, दिल्लीच्या परिषदेत निबंध वाचला होता आणि आता ती तालुक्याच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवत होती. ज्या देशांवर तीनशे पानं लिहिली तिथं तिनं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. शिष्यवृत्ती दोनदा हुकली. पण जगात कुठंही बाँब पडला की टपरीवरची माणसं तिलाच विचारत, आणि तिलाही ते आवडायचं. खोटं कशाला बोला.

फेब्रुवारीत शेजारची ठकूबाई आली तेव्हाही आवडलंच होतं. तिच्या मुलाला, नरेशला, आखातातल्या एका बंदरावर वेल्डरची नोकरी लागली होती. बातम्या काही बऱ्या नव्हत्या, म्हणून ठकूबाईनं त्याचा पासपोर्ट तांदळाच्या डब्यात दडवला होता. अपेक्षानं नकाशा उघडला. कोण कुणाचा मित्र, कुणाला तेल विकायची घाई, सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाली, "युद्ध व्हायची शक्यता कमी आहे, ठकूमावशी."

त्याच संध्याकाळी पासपोर्ट डब्यातून बाहेर निघाला.

जूनमध्ये त्या बंदरावर क्षेपणास्त्रं पडली आणि नरेशचा फोन लागेनासा झाला. अपेक्षा वर्गात बोलता बोलता थांबू लागली. पोरांना वाटे, मॅडम विचार करतायत. मॅडमच्या डोळ्यांपुढं तो तांदळाचा डबा असे. एका वाहिनीनं तज्ज्ञ म्हणून बोलावलं, तर घसा बसलाय म्हणून तिनं टाळलं. प्रबंध काढून त्या बंदराच्या देशावरचं प्रकरण पुन्हा वाचलं. एकही तळटीप चुकीची नव्हती. कमी म्हणजे शून्य नव्हे, हेसुद्धा तिथं लिहिलं होतं. ठकूबाईला सांगायचं तेवढं राहिलं होतं. ती समोर येऊ नये म्हणून अपेक्षा मागच्या गल्लीनं घरी जायची, आणि त्याची तिला मनापासून लाज वाटायची.

चौथ्या दिवशी दुपारी ठकूबाईच दारात उभी राहिली. शिव्या देईल, रडेल, अपेक्षानं सगळ्याची तयारी ठेवली होती. ठकूबाई खुर्ची सोडून जमिनीवर बसली.

"तू बोललीस म्हनून मी त्याला जाऊ दिला. आता सांग गं, येल ना तो?"

कुठली विमानं चालू आहेत, युद्धबंदीची बोलणी कुठवर आली, सगळं अपेक्षाच्या जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"मला माहीत नाही, मावशी."

इतक्या वर्षांत हे वाक्य तिनं कुणालाच ऐकवलं नव्हतं. ठकूबाईनं भिंतीला पाठ टेकली.

"मंग मी घरी एकली बसून काय करू? हितंच बसते. तुला पन त्याचीच वाट बघायची हाय."