मिल्ड्रेडमावशींची विहीर आणि माझा नारळ

ह्या सदरातले अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचते आणि खरं सांगायचं तर त्यांची यथेच्छ टिंगल करते. गाडी नेमकी घाटातच का बंद पडते, पांढऱ्या साडीतली बाई कधी सलवार-कमीज का घालत नाही... असल्या प्रतिक्रिया लिहिणारी ती मीच. फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलंय, भूतखेत, भानामती कशावर काडीचा विश्वास नाही. आजही नाही. तरी आज लिहायची पाळी माझ्यावर आली आहे. हसा मंडळी, तुमचा हक्कच आहे!

सप्टेंबर २००५. गाव बेलव्ह्यू, वॉशिंग्टन राज्य. माझा नवरा अनिकेत नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला. मी सांगली जिल्ह्यातल्या जतची, डिपेंडंट व्हिसावर आलेली. म्हणजे नोकरी करायला बंदी आणि डोकं खायला एक नवरा. आमच्या अपार्टमेंटच्या शेजारी एक बुटकं जुनं घर होतं. तिथे मिल्ड्रेड नावाच्या एक्क्याण्णव वर्षांच्या बाई एकट्या राहायच्या.

आमची ओळख झाली ती पाण्यावरून. तांदूळ धुतलेलं पाणी मी बाहेर कढीपत्त्याच्या कुंडीत ओतत होते. कुंपणापलीकडून आवाज आला, "शाब्बास! ह्या देशात पाणी दोनदा वापरणारं माणूस मी किती वर्षांनी बघतेय!"

मी म्हटलं, "आमच्या गावाला तीनदा वापरतात."

"आमच्याकडे चारदा," त्या म्हणाल्या. "आधी तोंड धुवायचं, मग भांडी, मग फरशी, आणि उरलेलं आईच्या लायलॅकच्या फुलझाडाला."

झालं, गट्टी जमली. नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना, म्हणून मी त्यांना मावशी म्हणायला लागले. अर्थ सांगितल्यावर त्यांनी तो शब्द लगेच स्वतःला लावून घेतला आणि फोनवरसुद्धा 'मावशी बोलतेय' म्हणायला लागल्या.

मावशींचे आईवडील होमस्टेडर होते. सरकार तेव्हा लोकांना फुकट जमीन द्यायचं. अट एवढीच की काही वर्षं तिथे राहून ती कसून दाखवायची. फुकट म्हणजे कशी, तर डोंगरापलीकडचं कोरडं माळरान, झाड औषधालाही नाही. फळ्या आणि डांबरी कागदाचं एका खोलीचं घर. थंडी अडवायला आतून भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवलेली. मावशी वाचायला शिकल्या त्या भिंतींवर. "स्टोव्हमागची बातमी मला कधीच पूर्ण वाचता आली नाही," त्या म्हणायच्या, "त्या माणसाचं पुढे काय झालं कोण जाणे." मळणीला आलेल्या वीस-वीस माणसांना आईबरोबर जेवायला घालायचं, घोड्यावरून शाळेत जायचं. त्या बारा वर्षांच्या असताना पाणी संपलं आणि सगळं कुटुंब ते रान सोडून निघालं. पुढे लग्न, मग बेलव्ह्यूला स्ट्रॉबेरीचे मळे होते तेव्हा घेतलेलं हे घर, आणि तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी. "माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही," असं म्हणून त्या मला दोन-दोन तास सांगत बसायच्या.

आणि त्यात सारखी यायची ती विहीर. वडील रेल्वेच्या कामावर लांब गेले असताना त्यांच्या आईने कुंपणाच्या तारेचे दोन तुकडे हातात धरून पाणी शोधलं आणि एका शेजाऱ्याला हाताशी घेऊन स्वतः विहीर खणली. सहा वर्षांच्या मिल्ड्रेडने मातीच्या बादल्या ओतल्या.

गडबड इथेच होती. मावशींचा भाचा ग्लेन म्हणायचा की विहीर नव्हतीच. सरकारी कागदात घर, गोठा, कुंपण सगळं आहे, विहीर नाही. आजी ओढ्यावरून पिंपं भरून पाणी आणायची हे घरात सगळ्यांना ठाऊक. दोनदा मावशींच्या हातून गॅसवर भांडं जळलं होतं, त्यात ही न झालेली विहीर. ग्लेन माणूस वाईट नव्हता, तो घाबरला होता. म्हातारीची स्मृती चालली, तिला आता वृद्धाश्रमात ठेवायला हवं, असं त्याने ठरवलं. फॉर्मसुद्धा आणून ठेवले.

मावशी म्हणाल्या, "विहीर कागद झाल्यावर खणली, म्हणून कागदात नाही. चल, दाखवते. सापडली नाही तर मी स्वतः सही करते."

मला त्या हळूच म्हणाल्या, "मला माझ्या ओट्यापाशीच राहायचंय गं." मी म्हटलं, मी नेते तुम्हाला.

ग्लेन तिकडेच डोंगरापलीकडे राहायचा, तो परस्पर त्या जुन्या शेतावर येणार होता. माझं लायसन्स तीन आठवड्यांचं आणि आमची सेकंडहँड गाडी दोन आठवड्यांची! आईने जतहून फोनवर बजावलं होतं, "गाडीपुढे नारळ फोडल्याशिवाय लांब जायचं नाही. आणि तू फोडू नकोस, बायकांनी फोडायचा नसतो. जावईबापूंना फोडू दे." मी इंडियन स्टोअरमध्ये चार नारळ कानाशी हलवून त्यातला भरपूर पाण्याचा निवडून आणला. आणि जावईबापू? "अगं यार, पार्किंगमध्ये फोडला तर मॅनेजर नोटीस देईल. संध्याकाळी बघू!" असं म्हणून गेले ऑफिसला. नारळ राहिला मागच्या सीटवर.

प्रत्येक वळणावर तो गडगडत ह्या दाराकडून त्या दाराकडे जायचा. शेवटी मावशींनी तो मांडीवर घेतला, कानाशी धरून हलवला आणि म्हणाल्या, "अगं, ह्याच्या आत विहीर आहे की!" मग तीन तास, घाट ओलांडून कोलंबिया नदीच्या पुलापलीकडे जाईपर्यंत, त्या अधूनमधून तो हलवून पाण्याचा आवाज ऐकत होत्या. हे लक्षात ठेवा. नारळात पाणी होतं, ह्याला मी एकटी साक्षीदार नाही.

पोचलो तेव्हा दुपारचे बारा. लख्ख ऊन, कापलेल्या गव्हाची खुंटं, आणि मधोमध एक लायलॅकचं झुडूप. घराची एक फळीसुद्धा उरली नव्हती. आईने भांड्यांच्या पाण्यावर जगवलेलं झुडूप मात्र माणसाएवढं उंच. मावशींनी त्याचं पान गालाला लावलं.

ग्लेन पिकअपला टेकून उभा होता. मावशी म्हणाल्या, "विहीर घराच्या मागे." पण घरच नाही तर मागे म्हणजे कुठे? पाऊण तास झाला. त्या पाच पावलं टाकायच्या, थांबायच्या, परत फिरायच्या. ग्लेनकडून तारेचे दोन तुकडे मागून घेतले, पण हात इतके थरथरत होते की तारा एकमेकींवर आपटत राहिल्या. शेवटी त्या गाडीच्या दारात बसल्या आणि म्हणाल्या, "ग्लेन, फॉर्म आणलायस का?"

मला ते बघवेना. त्यांना निदान हसवावं म्हणून मी नारळ उचलला. म्हटलं, "मावशी, आमच्याकडे तार नसते, हे असतं." माझा दत्तूमामा पाणाड्या होता. जत तालुक्यात कुणाला विहीर, बोअर घ्यायची असली की मामाला बोलावणं यायचं. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतभर चालायचा. खाली पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो म्हणे. मी एम.एस्सी.ला असताना त्याला भर पंगतीत सुनावलं होतं की स्नायू नकळत हलतात, ह्यात तुझं कर्तृत्व शून्य. तो चिडला नाही. म्हणाला, "तुझं फिजिक्सबी खरं, माझा नारळबी खरा. दोघांनी गोडीनं ऱ्हावं." तो गेला तेव्हा मी इथे होते. त्याला सॉरी म्हणायचं राहूनच गेलं.

तर मी नारळ तळहातावर आडवा ठेवला, शेंडी बोटांकडे, आणि मामासारखी मान ताठ करून निघाले. मावशी खुदकन हसल्या. ग्लेनसुद्धा हसला. मी आणखी जोरात नाटक करत लायलॅकला वळसा घातला, वीसेक पावलं गेले असेन...

आणि नारळ उठून बसला.

हळूच नाही. झोपलेल्या माणसाला हाक मारल्यावर तो उठतो तसा. मी किंचाळले आणि नारळ टाकून दिला!

मग मी शहाणी झाले. प्रयोग म्हणजे प्रयोग. मावशींचा स्कार्फ डोळ्यांवर बांधला, ग्लेनला म्हटलं मला गरगर फिरव आणि कुठूनही सोड. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा नारळ उभा राहिला आणि डोळे उघडले तर मी त्याच जागी. ग्लेनच्या हातावर तो ढिम्म हलला नाही.

ग्लेनने पिकअपमधून पहार आणि फावडं आणलं. दीड फुटावर पहारीचा आवाज बदलला. लाकूड! माती बाजूला केली तर जाड फळ्या. एक फळी उचकटली आणि खाली दगडांनी बांधलेलं गोल, काळं तोंड दिसलं.

"माझ्या आईचे दगड," मावशी म्हणाल्या.

ग्लेनने एक खडा आत टाकला. आम्ही तिघं कान देऊन उभे. बराच वेळ काही नाही, आणि मग... डुबुक! अगदी स्वच्छ.

मावशींचा चेहरा बदलला. "हे शक्य नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही निघालो तेव्हा ही ठणठणीत कोरडी होती. आई स्वतः उतरून बघून आली होती." मी त्यांना आपली म्हण सांगितली, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. त्या म्हणाल्या, "आमच्या पोहऱ्यात शेवटी नुसती वाळू यायची."

ग्लेनने फॉर्म पिकअपमधून काढले, फाडले आणि आत्याला मिठी मारून कितीतरी वेळ सॉरी सॉरी म्हणत राहिला. मी तर रडतच होते. मग मावशींनीच विचारलं, "ह्या नारळाचं आता काय करतात?"

"फोडतात. पण बायकांनी फोडायचा नसतो."

"माझ्या आईने विहीर खणली, आणि तू एक नारळ फोडू शकत नाहीस?"

फोडला. तिथल्याच एका दगडावर, दोन दणक्यांत. आत पाण्याचा थेंब नव्हता.

खोबरं छान, पांढरंशुभ्र. चव गोड. पण पाणी नाही. दगड कोरडा, माझे हात कोरडे. गाडीत जाऊन सीट, पायपुसणी सगळं चाचपलं, कुठे ओल नाही. टाकला तेव्हा तडा गेला म्हणावं, तर मऊ मातीत पडला होता आणि करवंटीला कुठे चीर नव्हती. मावशींनी खोबऱ्याची एक वाटी कानाशी धरली आणि मिश्कील हसल्या. येताना आम्ही दोघी खोबरं खात खात आलो.

आठवड्याने ग्लेनचा फोन आला. विहीर पक्की झाकून टाकायची म्हणून तो माणसं घेऊन गेला होता, मोठा लाइट आत सोडून बघितलं. तळाला नुसती कोरडी वाळू होती. आणि त्या वाळूवर त्याने टाकलेला खडा.

अनिकेतने सगळी स्पष्टीकरणं दिली. स्नायू नकळत हलतात. मान्य. डोळे बांधले तरी उताराचा अंदाज पायांना येतो. मान्य. खडा आधी ओल्या मातीवर पडला असेल, ओल आठवड्यात वाळली असेल. बरं, तेही मान्य. आणि नारळ? तिथे तो चहा ठेवायला उठतो.

मिल्ड्रेडमावशी पुढे अडीच वर्षं त्यांच्याच घरात राहिल्या. ग्लेनने गॅसच्या जागी आपोआप बंद होणारी शेगडी बसवून दिली आणि दर रविवारी जेवायला येऊ लागला. २००८ च्या वसंतात सकाळी चहा करायला उठल्या आणि ओट्यापाशीच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. त्यांना जसं हवं होतं तसंच. लायलॅकची एक फांदी त्यांनी मला लावून दिली होती, ती आमच्या कुंडीत जगली आहे. तांदळाचं पाणी आता कढीपत्ता आणि ती वाटून घेतात.

मला अजून काहीही समजलेलं नाही. दत्तूमामा असता तर त्याला विचारलं असतं, आणि तो नुसता हसला असता. इंडियन स्टोअरमध्ये मी अजूनही नारळ कानाशी हलवूनच घेते. अनिकेत मुद्दाम विचारतो, "आहे का गं पाणी?"

"आहे," मी म्हणते. "आत्ता तरी."