अमावस्येची सुई

डॉक्टर देशकर स्टेथोस्कोपची चकती छातीला लावण्याआधी थोडा वेळ आपल्या मुठीत धरून बसत. "गार लागलं की लेकरू दचकते, अन् मंग छाती खोटं बोलते," असं ते म्हणत. चकती टेकली की डोळे मिटत. कुणी मध्येच दुखणं सांगू लागलं, तर हात वर करून गप्प करत. "थांबा बापा, हे बोलून राह्यलं."

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात हृदयाच्या विभागात त्यांनी बरीच वर्षं काढली होती. ते सोडून यवतमाळात दवाखाना थाटला, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. हृदयाचा आलेख काढणारं यंत्र सोबत आणलं होतं, पण ते वीज असेल तेव्हाच चालायचं. खरा भरवसा कानांवर. परत का आलात, असं विचारलं की म्हणत, "मुंबईत दहा जण ऐकाले हायत. इथं कोन हाय?"

माझ्या धाकट्या बहिणीला, शांताला, बाभुळगावहून त्यांच्याकडे नेलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. ताप यायचा, गुडघे सुजायचे. तो ताप सांधे सोडून हृदयाची झडप धरतो, हे मला फार पुढे कळलं. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "दर अमावस्येले पेनिसिलिनची सुई. चुकवाची नाही." खेड्यात तारखा कुणाच्या लक्षात राहत नाहीत, अमावस्या मात्र कुणी विसरत नाही, म्हणून ते सगळ्यांनाच असं सांगत.

सहा-सात अमावस्या आम्ही नेमाने गेलो. मग आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. छप्पन्न सालानंतर गावोगाव तेच चाललं होतं, आणि बाबांची चालसुद्धा बदलली होती. "आता अमावस्या-बिमावस्या आपल्या घरात नाही," ते म्हणाले. देव्हारा गेला, लिंबू-मिरची गेली आणि त्यांच्याबरोबर सुईही गेली. ताप नव्हता, सूज नव्हती; शांता तर उड्या मारत होती. कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, आणि मी सातवी पास होते. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पाच महिन्यांनी पाणी घेऊन येताना ती धापा टाकत मटकन खाली बसली.

देशकरांनी बराच वेळ ऐकलं. डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. "सुई काहून थांबवली?"

बाबांनी मान ताठ ठेवूनच सांगितलं, "आमी अमावस्या सोडली, साहेब."

आता हे ओरडणार, असं मला वाटलं. ते खुर्चीतून उठले आणि बाबांच्या शेजारी बाकावर येऊन बसले. "चूक माही हाय. तुमाले दिवस सांगतला, कारन नाही सांगतलं. आता तुमी कोनता दिवस पाळता?"

"पुनव. वंदना असते."

"मंग पुनवेले मीच येतो."

आणि ते आले. एस.टी.ने, हातात बॅग घेऊन, सलग दहा पौर्णिमा. शांता त्यांच्या हातातून चकती काढून घेई आणि स्वतःच मुठीत धरून बसे. झडप मात्र सुधारली नाही. अकराव्या पौर्णिमेच्या चार दिवस आधी ती गेली. बाबांनी अन्न सोडलं, बोलणं सोडलं.

त्या पौर्णिमेला डॉक्टर पुन्हा दारात उभे. आई म्हणाली, "आता कोनासाठी आले जी?"

"वस्तीत सांधे दुखनारी आनखी लेकरं असतीन, माय. मी त्यायले आधीच पाहाले पाह्यजे होतं."

बाबा उठले. अनवाणीच घरोघर गेले. "सुई अमावस्येची नाही, काळजाची हाय," असं दारोदार सांगत फिरले. अकरा लेकरं अंगणात जमली.

डॉक्टरांनी चकती काढली आणि ती मुठीत धरायला गेले. आईने ती त्यांच्याकडून घेतली आणि मुठीत धरून, वर पदर गुंडाळून बसली. बराच वेळ बसली. मग म्हणाली, "झाली गरम," आणि पहिल्या लेकराला जवळ ओढलं.