खांबेटे यांची दुसरी वही

मनोहर खांबेटे गेल्याची बातमी मला त्यांच्या घरून कळली नाही. चार दिवसांनी रेहाना बागवान यांचा फोन आला. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि त्यांच्या कॅम्पातल्या फॉल-पिकोच्या दुकानातले मशीन मागे चालू होते. मग ते थांबले. “ताई, काका गेले,” त्या म्हणाल्या. “वही माझ्याकडे आहे.” एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला. याला आता सहा आठवडे झाले. खांबेटे सरकारी सेवेतून निवृत्त झालेले लघुलेखक, रेहानाबाई शिवणकामावर घर चालवणाऱ्या. दोघांचे नाते नव्हते, शेजारही नव्हता. तरी आठ वर्षे दर गुरुवारी ते भेटत, आणि त्याचे कारण छापायचे नाही असा शब्द मी खांबेट्यांना दिला होता. त्या शब्दाची मुदत त्यांनीच घालून दिली होती. “मी असेपर्यंत नाही. नंतर तुमचं पान, तुमची मर्जी.”

मी तेव्हा एका दैनिकात वाचकांच्या पत्रांचे पान पाहत असे. खांबेटे त्या पानाचे नियमित पत्रलेखक. पंधरवड्याला एक पत्र, टाइप केलेले, दोनशे शब्दांच्या आत, डावीकडे समास सोडलेला आणि खाली कात्रजचा पूर्ण पत्ता. विषय ठरलेले असत... चौकातला सिग्नल, पाण्याच्या वेळा, पाट्यांवरचे अशुद्ध मराठी. त्या वर्षी दहशतवादाच्या एका खटल्यातले काही आरोपी निर्दोष सुटले. अटक दाखवण्याआधी आपल्याला कुठल्याशा बंगल्यात ठेवले होते आणि तिथे मारहाण करून जबाब घेतले, असे त्यांनी बाहेर आल्यावर सांगितले. आम्ही त्यावर अग्रलेख लिहिला. पत्रांचा ढीग आला, आणि जवळपास सगळी पत्रे अग्रलेखाच्या विरोधात होती. त्यांतले सर्वांत नेटके पत्र खांबेट्यांचे होते. पिशवी घेऊन बाजारात गेलेली बाई स्फोटानंतर घरी परत येत नाही, तेव्हा तिच्या मुलांना कायद्याची कलमे ऐकवावीत काय, असे त्यांनी विचारले होते. शेकडो जीव वाचणार असतील तर एकाच्या अंगावरचे वळ ही फार मोठी किंमत नव्हे, असा शेवट होता. मी ते चौकटीत छापले.

चार दिवसांनी उलट बाजूचे पहिले पत्र आले. खाली नाव इम्तियाज बागवान, वाघोलीतला एक सर्व्हे नंबर आणि सही. ‘खांबेटे यांचे पत्र वाचले’ अशी सुरुवात होती. पुढे मात्र वाद घातलेलाच नव्हता. ‘कुठे होतास विचारले. मी म्हणालो, कोणत्या दिवशी. सकाळी मी मंगळवार म्हणालो. त्यांना शुक्रवार हवा होता. दुपारी मी शुक्रवार म्हणालो. शुक्रवारी मी काय केले ते आता तेच मला सांगतात आणि मी पाठ करतो.’ दुसऱ्या पत्रात लिहिले होते की नावे मागितली तेव्हा त्याच्याकडे द्यायला एकही नाव नव्हते, म्हणून त्याने सातवीच्या वर्गाचा हजेरीपट सांगितला, पहिल्या बाकापासून. आमच्या कार्यालयात या पत्रांची चर्चा झाली. माणूस बनाव करतोय, असे एकाचे मत पडले. बनाव असता तर चांगला लिहिला असता, असे दुसरा म्हणाला. पत्र छापण्याआधी लेखकाची खात्री करून घ्यायची हा आमचा नियम होता. बागवान यांचा फोन नंबर नव्हता, आणि मी माणूस पाठवला नाही. शिवाय दोघांच्याही पत्रांत ‘ळ’ हे अक्षर ओळीपासून किंचित वर चढलेले होते. ते मला दिसले होते. वाद रंगला होता, पान वाचले जात होते, आणि मी त्याचा अर्थ लावायला गेले नाही.

तिसऱ्या पत्रात एक वाक्य असे होते: ‘माझी बहीण कात्री समोर असली तरी दोरा दातानेच तोडते.’ ते छापून आले त्याच दिवशी दुपारी रेहानाबाई कात्रण घेऊन कार्यालयात आल्या. त्यांचा धाकटा भाऊ इम्तियाज फ्रीज दुरुस्तीची कामे करायचा. सात वर्षांपूर्वी खराडीत एका कामावर जातो म्हणून सांगून तो निघाला आणि परत आला नाही. पुढे दोन साध्या कपड्यांतली माणसे दुकानात येऊन त्याचे फोटो घेऊन गेली. त्यानंतर रेहानाबाईंनी जिथे जिथे अर्ज केला तिथून एकच उत्तर आले, या नावाची व्यक्ती आमच्या ताब्यात कधीही नव्हती. हे सगळे त्यांनी बसायच्या आधी सांगितले. मग त्या म्हणाल्या, “माझा भाऊ पत्रं लिहिणाऱ्यातला नाही मॅडम. त्याला पोस्टकार्डाचाही कंटाळा. पण हे तो बोलतो तसंच आहे. तसंच्या तसं.” वाघोलीला त्या जाऊन आल्या होत्या. त्या जागी आता मोठी सोसायटी होती. रखवालदाराने सांगितले की बिल्डरने घेण्याआधी इथे पत्र्याचे कुंपण घातलेला एक बंगला होता आणि तिथे कोण राहायचे ते गावात कुणालाच ठाऊक नव्हते.

मी दुसऱ्या दिवशी कात्रजला गेले. खांबेटे तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहत. पत्नी वारलेली, मुलगा परदेशी. खोलीत एक टेबल, एक कपाट, खिडकीशी झाकण घातलेला टाइपरायटर. प्राणिसंग्रहालय जवळच असल्याने मधूनच कुठल्याशा प्राण्याचे ओरडणे ऐकू यायचे, आणि तसे झाले की खांबेटे बोलता बोलता थांबत. तो आवाज संपला की अर्धवट राहिलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू करत. मी त्यांचे पत्र आणि इम्तियाजच्या नावाचे पत्र शेजारी ठेवले आणि ‘ळ’वर बोट ठेवले. त्यांनी चष्मा लावून पाहिले. “दुरुस्त करायचा राहिलाय खरा,” ते म्हणाले. “तुम्हाला तीन पत्रं लागली होय?”

त्यांनी सांगितलेले असे. निवृत्तीला दोन वर्षे असताना साहेबांनी तोंडी आदेश देऊन त्यांना चार दिवसांसाठी दुसऱ्या कामाला पाठवले. लेखी काही नाही. सकाळी गाडी घ्यायला येई, संध्याकाळी सोडून जाई. वाघोलीच्या त्या बंगल्यात त्यांना प्लायवूडच्या पार्टिशनमागे बसवत. पलीकडे काय चालते ते दिसत नसे, ऐकू येई. त्यांनी सगळे लघुलिपीत उतरवून घ्यायचे. मग अधिकारी अलीकडे येऊन जबाब सांगत, आणि तो जबाब वेगळाच असे. खांबेटे तो टाइप करत. रोज निघताना वही जमा करावी लागे. चौथ्या दिवशी पहिली वही भरली, म्हणून त्यांनी बॅगेतली स्वतःची दुसरी काढली. ती कुणी मागितली नाही, त्यांनीही दिली नाही. इम्तियाज बागवानच्या नावाने आलेल्या तिन्ही पत्रांतला शब्द न् शब्द, पहिली ओळ सोडून, त्या वहीतला होता.

“पण तुमचं स्वतःचं पत्र?” मी विचारले.

“ते माझं मत. अजूनही अगदीच चूक वाटत नाही मला.” त्यांनी चष्मा काढला. “भटक्या कुत्र्यांवर तुमच्याकडे दोन्ही बाजूंनी ढिगाने पत्रं येतात. या विषयावर एकाच बाजूने. दुसरी बाजू माझ्या कपाटात पडून होती.” वाघोलीचा पत्ता कशाला घातला, असे मी विचारले. पत्त्याशिवाय तुम्ही पत्र छापत नाही, ते म्हणाले, आणि शेवटचा माहीत असलेला पत्ता तोच होता. तो माणूस जिवंत आहे का, या प्रश्नावर त्यांनी फक्त इतकेच सांगितले की पाचव्या दिवशी गाडी आली नाही.

त्यांनी वही दाखवली. मला त्यातले काही वाचता येत नव्हते. बारीक रेघा, आकडे, वळणे. एक पान मात्र वेगळे होते, त्यावर फक्त ठिपके आणि तुटक्या रेषा होत्या. लघुलिपीत व्यंजने रेघांनी लिहितात आणि स्वर त्यांच्या बाजूला ठिपक्यांनी आणि छोट्या तुटक रेषांनी, असे त्यांनी समजावले. या पानावर व्यंजन एकही नव्हते. “मिनिटाला शंभर शब्दांच्या वेगाने तीस वर्षं लिहिल्यावर हात विचारत नाही काय लिहू म्हणून,” ते म्हणाले. खाली प्राणिसंग्रहालयात काहीतरी ओरडले, आणि त्यांनी वही मिटली.

रेहानाबाईंना एकच गोष्ट हवी होती. इम्तियाज त्या बंगल्यात होता असे सांगणारा एक साक्षीदार, प्रतिज्ञापत्रावर. तेवढ्यावर त्यांचा न्यायालयातला अर्ज उभा राहणार होता, आणि ते सांगू शकणारा माणूस जगात, निदान पुण्यात, एकच होता. मी त्यांना कात्रजला घेऊन गेले. खांबेट्यांनी चहा केला, बशीत बिस्किटे मांडली आणि नकार दिला. मी चेहरा पाहिलेला नाही, आवाज ऐकला, आवाजाची ओळख परेड होते का, असे त्यांनी विचारले. गोपनीयतेची शपथ होती, पेन्शन होती. मग, कुणी न विचारता, त्यांनी पुढे सांगितले, “अहो, तुमचा पत्ता मला माहीत असता तर मी तुम्हालाच पत्र टाकलं नसतं का? ही पेपरातली उठाठेव कशाला केली असती?” रेहानाबाईंनी बिस्किटांची बशी बाजूला सारली. नंतर म्हणाल्या, “मग मला ऐकवा तरी.”

अशा रीतीने गुरुवार सुरू झाला. कॅम्पातली त्या भागातली दुकाने गुरुवारी दुपारी उशिरा उघडत. एका भेटीत एक पान, त्याहून जास्त नाही. मी दोन-तीनदा हजर होते. खांबेटे सपाट आवाजात, डिक्टेशन दिल्यासारखे वाचत. पण जिथे तो माणूस खोकला होता तिथे तेही खोकत, कारण तशी खूण होती. तो थांबला असेल तिथे त्यांनी आडवी रेघ ओढलेली होती, जितका थांबला तितकी लांब. रेघ वाचायची नसते, पाळायची असते, असे ते सांगत, आणि ती पाळत. त्या शांततेत रेहानाबाई डोळे मिटून बसत. एकदा जिना उतरताना त्या मला म्हणाल्या, “काका वाचतात ना, तेव्हा काकांचा आवाज येत नाही हो.” मला खांबेट्यांचाच आवाज ऐकू आला होता. फक्त एका ठिकाणी, ‘माझी बहीण’ म्हणताना, ते हसले होते, आणि खांबेटे कधी हसत नसत.

वही संपली की पहिल्या पानापासून पुन्हा. ठिपक्यांचे पान ते न बोलता उलटत. तिसऱ्या वर्षी रेहानाबाई म्हणाल्या की तुमच्यामागे ही वही मुकी होईल, मला शिकवा. खांबेट्यांनी आधी चेष्टा केली. “साडीला फॉल लावायला लघुलिपी लागत नाही.” मग शिकवायला घेतले. पंचेचाळिशीनंतर, दिवसभर दुकान करून, त्या साठच्या वेगाच्या परीक्षेला बसल्या आणि पहिल्या फेरीत नापास झाल्या. खांबेट्यांनी त्यांना पेढा दिला. नापास झाल्याचा कसला पेढा, त्यांनी विचारले. पास झालात तर सरकार नोकरी देईल, मग कुठे कुठे पाठवील सांगता येत नाही, ते म्हणाले. दुसऱ्या फेरीत त्या पास झाल्या. मात्र वही त्यांना हातात मिळाली नाही. ती कपाटात राही, आणि वाचन खांबेटेच करत.

मी त्यांना शेवटचे भेटले ते जाण्याआधी महिनाभर. वजन उतरले होते. टाइपरायटरचे झाकण काढलेले होते आणि त्यात कागद चढवलेला होता. त्यांनी तो मला वाचू दिला. ते प्रतिज्ञापत्र होते. चार दिवस, बंगला, पार्टिशन, जबाब आणि वही यांतला फरक, सगळे क्रमाने, एकही विशेषण नाही. ‘ळ’ सरळ बसलेला होता. “तारीख घालायची राहिलीय,” ते म्हणाले. “येत्या आठवड्यात नोटरीकडे जाऊन येतो.” त्यांच्या मुलाला ते तसेच, मशीनमध्ये मिळाले. तारीख नव्हती, सहीही नव्हती. वकिलांच्या मते तो कागद काही कामाचा नाही. मुलाने तो आणि वही दोन्ही रेहानाबाईंना आणून दिली. हा मजकूर मी त्याला फोनवर वाचून दाखवला. त्याने एकच दुरुस्ती सुचवली. मी एका ठिकाणी टायपिस्ट लिहिले होते. “बाबा टायपिस्ट नव्हते,” तो म्हणाला, “लघुलेखक होते.”

गेल्या गुरुवारी मी दुकानात गेले. रेहानाबाईंनी वही उघडली आणि म्हणाल्या, “काकांनी शेवटचं पान मला कधी वाचून दाखवलं नव्हतं. मला वाटायचं, त्याच्या आधीच वही संपते.” त्यांनी ते वाचले. बोट ठेवून, सावकाश, साठच्या वेगाने नव्हे. “पार्टिशनच्या पलीकडे कोण आहे? मला पेन्सिलीचा आवाज येतो. तुम्ही जे कोणी असाल... माझ्या बहिणीला सांगा मी इथे आहे. रेहाना बागवान, फॉल-पिको, कॅम्प, घड्याळवाल्याच्या शेजारी. लिहिलंत ना?”

त्यापुढे शब्द नाही. आडवी रेघ आहे. ती पानाच्या कडेपर्यंत जाते आणि पुढच्या पानावर तिथूनच पुन्हा सुरू होते. काही पानांवर पेन्सिल, मग निळे पेन, मग दुसरे, फिकट. एका बैठकीत ओढलेली ती नाही, वर्षानुवर्षे पुढे नेलेली आहे. शेवटच्या काही पानांवर ती थरथरते. रेहानाबाईंनी तिच्यावर बोट ठेवले आणि चालवायला सुरुवात केली, एक पान, दुसरे पान, काही न बोलता. मशीन बंद होते. शेजारी घड्याळवाल्याने कुणाशी तरी बोलणे सुरू केले आणि थांबवले. एक बाई साडी घ्यायला आल्या, पिशवी काउंटरवर ठेवून त्यांनी विचारले, “झाली का हो?”

रेहानाबाईंनी मान वर केली नाही. “थांबा जरा,” त्या म्हणाल्या, “रेघ संपू द्या.”