हिंगण्याचा अर्धा-अर्धा मसाला

नागपुरात उतरल्यावर डोळ्यांतून पहिलं पाणी काढलं ते तर्रीपोह्यांनी. तर्री म्हणजे पोह्यांवर ओततात तो हरभऱ्याचा लालभडक रस्सा. मी जतची, तिखटाला भिणारी नाही, म्हणून ऐटीत "अजून घाला" म्हटलं. टपरीवाले काका म्हणाले, "बाहेरगावची दिसते. पाणी जवळ ठेव बापा." काकांचं म्हणणं खरं निघालं.

मी कामाला आले होते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, आणि हे सांगायला कुणी विचारायची वाट मी बघत नाही. पुण्याच्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमचा प्रोग्रॅम धंद्यातली गुपितं गुपितच ठेवतो आणि तरी समोरच्याला हवी ती एक गोष्ट खरी असल्याचं पटवून देतो. शून्य-ज्ञान पुरावा म्हणतात याला.

हिंगणा रोडवर सकाळच्या शिफ्टची गर्दी होती. कंपनीच्या बसेस, मोटरसायकली आणि मधून वाट काढणारा आमचा ऑटो. मी पत्ता वाचायला लागले तर ऑटोवाला म्हणाला, "मॅडम, पत्ता राहू द्या. मसाल्याचा वास आला का थांबतो." आणि खरंच दोन शिंका आल्यावर थांबला.

नागपूरच्या झणझणीत सावजी मसाल्याचा तो कारखाना रेखाताई आणि वनिता या दोन सख्ख्या जावांचा. एका मोठ्या हॉटेल कंपनीला त्यांचा मसाला हवा होता. पण काही परदेशी पाहुण्यांना शेंगदाणे, तीळ सोसत नाहीत, म्हणून हॉटेलवाल्यांनी मसाल्याची पूर्ण कृती मागितली होती. ऑर्डर मिळाली तर सणापुरत्या येणाऱ्या बायकांना वर्षभर काम लागणार होतं. तरी रेखाताईंचा एकच धोशा, "धंदा गेला तरी चालंन, कृती नाई देत."

हॉटेलचे शुक्लाजी आधीच येऊन बसले होते. दुपारी त्यांचं विमान होतं.

"काहून वं पोरी," रेखाताईंनी मला विचारलं, "न दाखवता कसं पटवशीन तू यायले?"

"ताई, किल्ली तुमच्याकडे आहे हे मला पटवायचं असेल तर ती दाखवायची गरज नाही. आत जाऊन कुलूप उघडून दाखवा. मला पटलं, आणि किल्ली तुमच्या कमरेलाच."

"हां, असं सांग ना मग!"

शुक्लाजींची शंका निराळी होती. "लेकिन ये खोटं बोलले तर?"

"व्यापाऱ्याची डिजिटल सही असलेली खरेदीची बिलंच प्रोग्रॅम तपासतो. बिलं यांच्याच संगणकावर राहतात. तुम्हाला फक्त हिरवी किंवा लाल खूण दिसेल." आणि मी उत्साहात म्हटलं, "चला, सगळी बिलं या एका संगणकात घ्या."

रेखाताईंनी वनिताकडे बघितलं.

"सगळी म्हंजे? तिचीबी?" रेखाताई म्हणाल्या.

"माह्यी बिलं मी ताईच्या संगणकात टाकू? होऊच शकत नाही," वनिता म्हणाली.

मग उलगडा झाला. सासूबाईंनी जाण्याआधी अर्धी कृती थोरलीला सांगितली आणि अर्धी धाकटीला, घर एकत्र राहावं म्हणून. एकीची खरेदी कळमन्याच्या बाजारात, दुसरीची इतवारीच्या. दोघी वेगळ्या खोल्यांत भाजतात, दळतात, आणि दोघींची पूड पुढच्या पिंपात एक करतात. इतक्या वर्षांत एकीनं दुसरीला विचारलेलं नाही. म्हणजे उघड तरी नाही.

आमचा प्रोग्रॅम मालक एकच असतो असं धरून लिहिलेला. शुक्लाजींनी बॅग उचलली. "मॅडम, मग राहू द्या."

मी चुळबुळत उभी होते आणि एकदम सुचलं. या अर्ध्यात तीळ-शेंगदाणे नाहीत, त्या अर्ध्यातही नाहीत, तर पुऱ्या मसाल्यात येतील कुठून? "थांबा," मी म्हटलं, "पुरावे दोन घेऊ!"

रेखाताईंचा संगणक ऑफिसात, वनिताचा दळणाच्या खोलीत. रेखाताईंची हिरवी खूण लगेच आली. वनिताच्या पडद्यावर चक्र फिरतच राहिलं. शुक्लाजी घड्याळ बघत होते. बाहेरून रेखाताई ओरडल्या, "काहून वं, काय टाकून राहिली तू त्याच्यात?"

"तुमाले सांगू? हेच ऐकाले बसल्या तुम्ही!"

हिरवी खूण आली. कामावरच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. मी सहज म्हटलं, "बिलं जास्त असतील, म्हणून वेळ लागला."

रेखाताईंचे डोळे बारीक झाले. "जास्त? म्हंजे माह्यापक्षा जास्त जिनसा हाय का तिच्यात?"

"पाहा, लगेच मोजाले लागल्या!" वनिता म्हणाली. मी जीभ चावली. लागलेल्या वेळावरूनही गुपित फुटतं, हे त्याच दिवशी पुण्याला कळवलं. आता आमचा प्रोग्रॅम सगळ्यांना सारखाच वेळ लावतो.

शुक्लाजींनी ऑर्डर पक्की केली. जाता जाता म्हणाले, "एक झगडा भी देखने को मिला, फुकटात."

जेवायला सावजी रस्सा होता. काळा, तेलाचा जाड तवंग, आणि पहिल्या घासाला कान गरम. हात धुवायला गेले तर वनिता मागोमाग आली. "ताईच्यात खसखस हाय ना? तुले तर दिसलंच असंन." ऑटोत बसताना रेखाताईंनी मसाल्याचं पुडकं हातात ठेवलं आणि कानाशी वाकल्या. "लहानीच्यात किती जिनसा हाय वं?"

"ताई, शप्पथ, मला माहीत नाही."

वनितालाही मी हेच सांगितलं होतं. दोघींचे चेहरे आधी पडले आणि मग चांगले खुलले.

शिकलेल्या माणसाला सगळं माहीत असतं असं आमच्याकडे समजतात. मीही तशीच मिरवत होते. हिंगण्यात मला जेवायला वाढलं, पुडकं दिलं, ते मला काही कळलं नाही याच्या भरवशावर. परतीच्या गाडीत मला याचा पदवीइतकाच अभिमान वाटत होता.

जतला आईनं त्या मसाल्याची आमटी केली. पहिल्याच भुरक्याला वडील खोकत उठले आणि परत वाटी पुढे केली.

"काय काय घातलंय गं ह्यात?" आईनं विचारलं.

"शेंगदाणे नाहीत. तीळ नाहीत."

"ते न्हाई ते कळलं. हाय काय?"

"ते दोघी मिळून सांगतील तेव्हाच."

"मग कवा सांगतील?"

"कधीच नाही," मी म्हटलं आणि भाकरी चुरली.