जपानी घरातला कोनाडा

महेशचा फोन आला तेव्हा मी सीवूड्सच्या मॉलमध्ये बिलाच्या रांगेत उभी होते. "ताई, बाबा गेले," एवढंच म्हणाला. तळवलीच्या घरी, ओटीवर चहा पिता पिता. महेशचे बाबा म्हणजे माझा हिराजीमामा. आता महिना होईल, आणि त्याला आठवायला बसले की पहिलं डोळ्यांपुढे येतं ते जपानमधलं एक विकाऊ घर. हसू नका, मामा होताच तसा.

मामा सुतार. हात थरथरायला लागले तरी लाकडाचा नाद सुटला नाही. वर्षभरापूर्वी मोबाइलवर त्याला कुठूनशी जाहिरात दिसली : समुद्राजवळचं जुनं जपानी घर, न पाडता नवं केलेलं, विकणे आहे. झालं! रविवारी मी गेले की फोटो पुढ्यात. खिळ्याशिवाय तुळई बसवली कशी, कागदाची दारं खाऱ्या वाऱ्यात टिकतात कशी, पाऊस तिरका आला तर काय करतात... डोकं खायचा नुसता. "घ्यायचंय का तुला?" म्हणून मी चिडवायची. पण एक फोटो तो पुन्हा पुन्हा मोठा करून बघायचा. बैठकीच्या भिंतीत एक कोनाडा, आत फुलदाणीत एकच फांदी. "देव नेला आनि फांदी ठेवली," तो म्हणायचा. "पन नेला कसा गो?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामाच्या घराच्या जागी टॉवर व्हायचा होता. शेजारपाजारच्या सगळ्यांच्या सह्या झालेल्या, अडलेली फक्त मामाची. म्हातारा जास्त जागेसाठी अडून बसलाय, असं गाव म्हणायचं, आणि महेशने तर त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. खरं कारण होतं भिंतीतला देव्हारा. आजोबा-पणजोबांपासूनचे देवांचे चांदीचे टाक तिथून कधी हलले नव्हते. टॉवर होईपर्यंत उलव्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचं, तिथे ते न्यायचे कसे? देव रुसले तर? भगताने एक सांगितलं, भटजींनी दुसरंच. आणखी कुणाला विचारायची लाज वाटायला लागली, म्हणून स्वारी थेट जपानला चौकशी करायला निघालेली!

मी त्या घराच्या एजंटबाईंना इंग्रजीत लिहिलं. म्हटलं, कोण कशाला उत्तर देतंय. पण दहा दिवसांनी आलं, चांगलं सविस्तर. तो कोनाडा देवाचा नव्हताच, तिथे ऋतूप्रमाणे चित्र आणि फूल बदलतात. देवाची फळी स्वयंपाकघरात, उंचावर होती. म्हाताऱ्या मालकीणबाई ती लेकीच्या फ्लॅटवर घेऊन गेल्या. निघण्याआधी मात्र फळीसमोर बसून त्यांनी घरातलं सगळं देवांना सांगितलं, कोण कुठे चाललंय, का चाललंय. मी वाचून दाखवलं. आपण वर्षभर भलत्याच कोनाड्यात देव शोधत होतो हे कळून मामा आधी ओशाळला, मग शेवटचं तेवढं त्याने मला पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजे देवाला इचारायचं नसतं," तो म्हणाला. "सांगायचं असतं. खरं खरं."

दुसऱ्या दिवशी त्याने सही केली. "निघायच्या दिवशी देवांशी मी बोलनार, मधे कुनी तोंड घालायचं नाय," अशी तंबीही देऊन ठेवली. महेश त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी बापाच्या शेजारी जेवायला बसला. आणि मामाला तो निघायचा दिवस काही मिळाला नाही. याचा मला राग येतो. अजून येतो.

गेल्या रविवारी घर रिकामं केलं. सामान टेम्पोत चढलं, पण टाक उचलायला कुणी पुढे होईना. शेवटी महेश देव्हाऱ्यासमोर मांडी घालून बसला. असलं बोलायची त्याला सवय नाही. "आमी उलव्याला चाललोय," तो म्हणाला. "नवीन घर बांधून झालं की तुमाला घेऊन परत येऊ." मग थांबला, आणि मागे वळून माझ्याकडे बघत राहिला. मी मान हलवली... सांग म्हटलं.

"बाबा नाय येनार आमच्यासंगं," तो देवांना म्हणाला. आणि मग त्याने टाक उचलले.