देवीच्या उन्हात माजा खांब

अख्ख्या मावळात माज्यासारखा सरळ खांब कुणी उभा केला न्हाई. त्यो सरळ खांब मलाच पाडावा लागला.

कार्तिकातली सकाळ व्हती. लोणावळ्याच्या अल्याड, डोंगराच्या पोटाला देवीचं जुनं दगडी देऊळ. समदं गाव जमलेलं. गावाची चाल अशी, का कार्तिकात सकाळचं ऊन देवीच्या तोंडावर पडलं का मगच नवा तांदूळ शिजवायचा. जुना तर घरोघर सपलेला. आन देवीच्या तोंडावर सावली. माज्या खांबाची.

देवळाफुडचा मंडप मी वैशाखात बांदलता. सायबाच्या लढाईपायी सिमिट मिळंना, म्हणून चुन्यात. ओळंबा लावूनच खांब उभं केलं. ओळंबा म्हंजे दोरीला शिशाचा गोळा, बांदकाम सरळ हाय का बगायला. तवा खांबांच्या मधनं ऊन बराबर देवीच्या तोंडावर येत व्हतं. मी खूश.

देवळाच्या दाराच्या चौकटीवर एक सूर्य कोरलेला व्हता, मधी न्हाई, देवीच्या उजव्या अंगाला, दक्षिणेकडं पार कोपऱ्यात. मला वाटलं, जुन्या पाथरवटाचं सेंटर चुकलं. चुना थापून बुजवला न मधोमध नवा काडला. देवीची पूजा करणाऱ्या गुरवीण मावशी नगं नगं म्हणत व्हत्या.

"मावशी, तुमी दिवा लावा. बांदकामातलं तुमाला काय कळतंय?" मी म्हनलो.

आता कार्तिकात लोक म्हणाया लागले, देवी रुसली. बायामान्सं मावशींकडं बगाया लागली, पूजेत काय चुकलं म्हणून. मावशींनी समईत तेल घातलं. मी ओळंबा लावून खांब पुन्यांदा बगितला.

तळेगावचे एक मास्तर दर्शनाला आलते. त्यांनी फुडला नारळ उचलला, जरा कलता धरला न फिरवून दावला.

"पृथ्वी अशी कललेली आहे. म्हणून सूर्य वैशाखात उत्तरेला सरकून उगवतो, कार्तिकात दक्षिणेला. इथं चौकटीवर कोपऱ्यात काही खूण नव्हती का?"

"सूर्य व्हता," मावशी म्हणल्या. "ह्यानं बुजवला. सासूबाई सांगायच्या, त्या सूर्याच्या बाजूला कायबी आडवं ठिवू नगं."

मला येवढंच कळलं, का नारळ कलता व्हता. मी गावच्या पाटलांस्नी म्हनलो, "आबा, माजा ओळंबा सरळ हाय. धरतीच कलती, त्याला मी काय करू?"

"मग धरतीला बोलावू का खांब काडायला?" पाटील म्हनले.

वर टेकू दिला, खांब काडला. माजा सूर्य खरवडला, जुना मोकळा केला. दुसऱ्या दिशी ऊन आलं. आदी देवीच्या मुकुटावर, मग कपाळावर, मग तोंडावर. बाया हासत घराकडं पळाल्या. घटकाभरात नव्या तांदळाचा वास सुटला. तवापासनं जुन्या बांदकामात काय वाकडं दिसलं, का मी आदी इचारतो, मग थापी उचलतो.

पर त्या दिशी गप बसवंना. छाती फुगवून म्हनलो, "बगा मावशी, पडलं का न्हाई माज्या हातानं देवीच्या तोंडावर ऊन?"

मावशींनी समईची वात सारखी केली.

"तू न्हवतास तवाबी पडतच व्हतं."