एक नळी जास्त

या सदरातले किस्से मी सकाळच्या चहाबरोबर वाचतो आणि बहुतेक वेळा अर्ध्यावर सोडतो. पिंपळ आला, पांढरी साडी आली की माझा चहा संपतो. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही... एक दुपार सोडून. ती दुपार इतकी वर्षं कुणाला नीट सांगितली नाही, कारण सांगायला बसलो की आधी वायरीबद्दल सांगावं लागतं आणि लोक तिथेच जांभया द्यायला लागतात. थोडक्यात उरकतो, कळ काढा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वसईच्या पूर्वेला, गोखिवऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याने हाय टेन्शन लाइनचं काम चालू होतं. टॉवर उभे झाले होते, आता त्यांच्यावर तार चढवायची होती. मी ठेकेदाराच्या गँगमध्ये जॉइंटर होतो. म्हणजे एका ड्रमवरची तार संपली की तिचं टोक पुढच्या ड्रमवरच्या तारेला जोडायचं, एवढंच माझं काम.

ही तार बाहेरून सगळी ॲल्युमिनियमची दिसते, पण तिच्या पोटात पोलादाच्या सात तारा असतात. वीज नेतं ते ॲल्युमिनियम, ओझं उचलतं ते पोलाद. म्हणून जोडही दोन. आधी आतल्या पोलादाची दोन टोकं वीतभर लांब पोलादी नळीत घालून ती नळी हातपंपाच्या प्रेसने दाबायची. मग तिच्यावर ॲल्युमिनियमची मोठी नळी ओढून तीही दाबायची. एकदा वरची नळी दाबली की आत काय आहे ते कुणाच्या बापाला दिसत नाही. जॉइंटरच्या शब्दावर सगळी तार लटकते.

प्रेसला दोन माणसं लागतात. एक डाय, म्हणजे नळी दाबायचा साचा, धरतो, दुसरा पंप मारतो. माझा पंपवाला पास्कू, पापडीचा. माझ्याच वयाचा, दोन पोरांचा बाप, बोलायला गोड आणि कामाला त्याहून गोड. त्या दिवशी सकाळीच म्हणाला, "सदाभाऊ, जेवण झाल्यावर जरा घरी जाऊन येतो. बहिणीला बघायला पाहुणे येणार हायेत. तीनपर्यंत येतो. साहेबाला कळू देऊ नको."

मी हो म्हटलं. माझ्या अंगात चार दिवसांचा हिवताप होता, पण रजा मागायची सोय नव्हती. साहेबांना लाइन पुढे न्यायची घाई होती आणि आम्हाला सुट्टी म्हणून तीन आठवडे मिळाली नव्हती. इतका दमलो होतो की चालता चालता डोळे मिटायचे आणि पाय आपले चालत राहायचे.

एकतीस आणि बत्तीस नंबरच्या टॉवरच्या मधल्या शेतात तो जोड करायचा होता. बाकी गँग लांब, तार ओढायच्या विंचजवळ. दुपारी मी तारेची टोकं सोलली, पोलादी नळी पेट्रोलने धुतली, धूळ लागू नये म्हणून स्वच्छ फडक्यात गुंडाळली. मग थंडी भरून आली. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. मी डाय धरून बसलोय, पंपाचा दांडा खालीवर होतोय, पास्कू आला वाटतं... मी मान वर करून बघितलं नाही. मान वर करायलाही ताकद लागते. संध्याकाळी जोड तयार होता आणि विंचने तार वर गेली.

घरी आल्यावर बायकोने डबा घासायला घ्यायचा म्हणून माझी जेवणाची पिशवी उपडी केली. डब्याबरोबर फडकं पडलं आणि फडक्यातून पोलादी नळी.

"हे काय आणलंत?" तिने विचारलं.

मी नळी उचलून दिव्याखाली धरली. नळी पिशवीत आहे म्हणजे जोडात नाही. वर जी तार लटकतेय तिला मधोमध पोलादच नाही, नुसत्या ॲल्युमिनियमच्या खोळीवर ती थांबली आहे. आज थांबेल, उद्या थांबेल, मग ॲल्युमिनियम हळूहळू सरकत जाईल आणि एक दिवस तार खाली येईल. डॉक्टरच्या हातून पोटात कात्री राहते म्हणतात ना, तसंच हे, फक्त माझं उलटं झालं होतं.

सकाळी पास्कूला बाजूला घेतलं. "काल पंप मारताना तुला काही वेगळं दिसलं का रे? आतली नळी मी घातली होती ना?"

पास्कू माझ्याकडे बघतच राहिला. "मी कुठे होतो काल? पाहुणे उशिरा आले. मी आलोच नाय परत. मला वाटला, तू विंचवरचा कोणीतरी घेतला असशील मदतीला."

मी विंचवरच्या एकेकाला आडून आडून विचारलं. कुणीच आलं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, तापात एकट्यानेच केलं असेल. एकट्याने प्रेस चालत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी म्हटलं. माणूस दमला की स्वतःला काहीही पटवतो.

आता साहेबांना सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, पंपावर कोण होतं? म्हणजे माझ्याबरोबर पास्कूचीही नोकरी जाणार, आणि त्याच्या घरात लग्न ठरत होतं. पास्कूने दिवसभर माझा डबा, माझी हत्यारं, सगळं न सांगता उचललं. ते मला जास्त जड गेलं. दोन दिवस मी गप्प बसलो. मला त्याची आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी त्या तारेखाली हिराबायने खळं घातलं. शेत तिचंच. नवरा, दोन सुना, नातवंडं, सगळं घर तिथे भात झोडायला उतरलं होतं. आम्हाला प्यायला पाणी तीच द्यायची. मी जाऊन म्हटलं, "काकी, खळं जरा पलीकडे करता येईल का?"

"का रे बाबा?"

"वर काम चालू आहे. काही पडलं-बिडलं तर..."

ती हसली. "शेनाने सारवलाय खळा, भारे आनून टाकलेत. आता काय उचलून नेऊ त्याला? पडायचा असेल तर पडंल, आमी काय पाय बांधून बसलो नाय इथं, हातपाय चालतात आमचे, पळू."

सगळी हसली. धाकटी नात पेंढ्यावर झोपली होती, बरोबर जोडाच्या खाली. मी वर बघितलं, मग तिच्याकडे बघितलं आणि तसाच साहेबांच्या तंबूकडे चालत गेलो.

साहेबांनी ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. तेही तीन आठवडे घरी गेले नव्हते. नळी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "तार खाली घ्या." पंपावर कोण होतं हे विचारलं तेव्हा पास्कू स्वतःच पुढे झाला. "मी नव्हतो साहेब. पळालो होतो." साहेबांनी नुसता हात हलवला, नंतर बघू अशा अर्थाने.

खळ्यावरची माणसं हटवली. तार उतरवायला पूर्ण दिवस गेला. गँगमधल्यांनी मला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर मी हॅकसॉने वरची नळी उभी कापली. ब्लेड दोनदा तुटलं. शेवटी पास्कूने छिन्नी घालून नळी उकलली.

आत पोलादी नळी होती. बरोबर मध्यावर बसवलेली, टोकापासून टोकापर्यंत दाबलेली. मी आयुष्यात इतका चांगला जोड केला नाही.

कुणीतरी मागे हसलं. साहेबांनी स्टोअरकीपरला बोलावून पोलादी नळ्यांचा ताळा करायला लावला. जेवढ्या आल्या तेवढ्या लागल्या किंवा शिल्लक होत्या. बरोबर जमलं. माझ्या पिशवीतली नळी धरली तर एक जास्त होत होती.

आणखी एक गोष्ट मी आणि साहेबांनीच बघितली. आमच्या प्रेसच्या डायला एक टवका उडालेला होता. त्यामुळे दाबलेल्या प्रत्येक पोलादी नळीवर केसाएवढी उंच रेघ उठायची. या नळीवर रेघ नव्हती. साहेबांनी त्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. सबंध लाइनवर प्रेस एकच होता.

"साहेब..." मी म्हटलं.

"जॉइंट चांगला आहे. स्टोअर जुळतंय. मी काय लिहू रिपोर्टमध्ये?" ते दमून म्हणाले. "तुला ताप होता. नवीन जोड करा आणि तार वर घ्या." आम्हाला दोघांनाही काढलं नाही. पास्कूची तीन दिवसांची हजेरी कापली, बस.

नंतर कित्येक महिने गँगमध्ये माझी चेष्टा चालली. "सदाभाऊ, पिशवी बघा, एखादा टॉवर राहिला असेल." कुणी म्हणे वसईच्या किल्ल्यातला पोर्तुगीज शिपाई असणार. मी म्हटलं, त्याला हायड्रॉलिक प्रेस कुणी शिकवला? आमच्या गँगमध्ये त्या लाइनवर कुणी मेलंही नव्हतं, नाहीतर गोष्ट जुळवायला सोपी गेली असती.

नवीन जोड वर गेला त्या संध्याकाळी मी हिराबायकडे पाणी प्यायला गेलो. तिने तांब्या दिला आणि सहज विचारलं, "तो दुसरा कुठं गेला तुझा?"

"कोण? पास्कू? तो काय तिथे."

"तो नाय रे. तो माझ्या ओळखीचा हाय. त्या दिवशी दुपारी पंप मारत होता तो. तू आपला मान घालून बसलेला. मी पानी घेऊन आले तर तो दोन तांबे प्यायला."

मी तांब्या खाली ठेवला. विचारलं, कसा होता दिसायला.

"टोपी होती, तोंड काय नीट बघितला नाय. तुमच्यासारखाच, खाकी कपडे. पन दमलेला, बाबा. तुझ्यापेक्षा दमलेला. मी बोलले, बस जरा सावलीला. तर बोलतो, बसायला मिळत नाय."

"आणि मग?"

"मग काय? पंप मारायला लागला. मी गेले भात आनायला."

हे मी बायकोला सांगितलं तेव्हा तिने देवापुढे दिवा लावला. देवच धावून आला म्हणाली. पुढे ज्यांना ज्यांना थोडंफार सांगितलं तेही हेच म्हणाले. मला ते पटत नाही. देव इतका दमलेला नसावा. असला तर मग आपलं कसं होणार?

त्यानंतर मी प्रेस सोडला, विंचवर गेलो, तिथेच रिटायर झालो. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ताप होता हे मान्य. पण ताप मला होता, हिराबायला नव्हता, आणि स्टोअरच्या रजिस्टरलाही नव्हता. एवढंच कळतं की मी जे काम अर्धवट टाकलं ते कुणीतरी पुरं केलं, म्हणून ती पोर त्या खळ्यावर झोपू शकली. ते कोण होतं ते ठाऊक नाही. त्याला त्या दुपारनंतर तरी बसायला मिळालं का, एवढंच मला विचारायचं होतं.